मागच्या चाकाची हवा

"आजही बसलंच का तुयं चाक?" वांग्या-कोथिंबिरीची पाटी खाली ठेवत चंदाबाई म्हणाली. "आमचं सांभार सुकून राह्यलं, अन् तू पंपच हानून राह्यला."

"रातच्याले टनक होतं, काकू." पायानं पंप दाबता दाबता उकंडाला धाप लागली होती. "हवा कुठं जाते, मले नाई मालूम."

"तुले मालूम होईलोक दारव्ह्याचा बाजार उठून जाईन. उद्या असंच दिसलं तर माल बबलूच्या गाडीत. सांगून ठेवतो."

गावातल्या भाजीवाल्या बायांत चंदाबाईचा शब्द चाले. ती बबलूच्या गाडीत चढली की बाकीच्या तिच्या मागं, अन् उकंडाची पिकअप कोंबड्यांना सावली द्यायला मोकळी.

पोळ्यापासून हेच चाललं होतं. मागचं डावं चाक संध्याकाळी टणक, सकाळी चिखलात बसलेल्या म्हशीसारखं. बाभळीचा काटा असेल म्हणून उकंडानं टायर बोटाबोटानं चाचपला. बोटं काळी झाली, काटा काही सापडला नाही. मग व्हॉल्व्ह बदलला. मग बबलूवर संशय आला, म्हणून एक रात्र गाडीतच झोपून काढली. बबलू आला नाही, डास आले, अन् हवा जायची ती गेलीच.

बाजारात माल उतरवून तो थेट अब्दुल गनीच्या पंक्चरच्या दुकानात गेला. टायर साफ आहे, असं गनीनं आधीही सांगितलं होतं. आज एक तर खिळा काढून दाखव, नाही तर हे चाक नाल्यात फेकतो, असं उकंडानं त्याला ऐकवलं. आजवर गनी नुसत्या रबरावर साबणाचं पाणी मारून पाहत होता. आज त्यानं अख्खं चाक काढून टाक्यात बुडवलं. बुडबुडे आले, पण रबरातून नाही. टायर अन् लोखंडी रिम जिथं एकमेकाला भिडतात त्या कडेनं, बारीक बारीक, भाताला आधण यावं तसे.

गनीनं टायर उतरवला. आत रिमच्या कडेला लाल रंगाचा जाड थर होता, कुठं ओघळलेला, कुठं पापुद्रे धरलेला.

"आतून रंग कोनं मारला हो, उकंडाभाऊ?"

बैलजोडी विकून पिकअप घेतली तरी उकंडाचा पोळा सुटला नव्हता. दरवर्षी गाडी धुवायची, बोनेटवर जुनी झूल टाकायची, शिंगं रंगवावी तशी चाकं रंगवायची अन् तोरणाखाली न्यायची. यंदा नेमका तो टायर बदलायला काढलेला. रिम उघडी पडलेली दिसली, अन् अर्धा सजवलेला बैल काय म्हणून न्यायचा, असं त्याच्या मनात आलं. आतबाहेर दोन-दोन हात मारले आणि मिरवणुकीच्या घाईत ओल्यावरच टायर चढवला.

"मीच," तो म्हणाला.

"बाहेरून नवरदेव करा ना तिले. पन हे बिनट्यूबचं टायर, ते बसते तिथं निस्तं लोखंड पायजे. त्या पापुद्र्यातून निंगून राह्यली तुमची हवा."

"बैलाच्या शिंगात कधी हवा भरा नाई लागली, बाप्पा."

गनी हसला. उकंडा हसला नाही. त्यानं गनीच्या हातातला तारेचा ब्रश ओढून घेतला अन् रिम खरडायला बसला. रंगाला शिव्या दिल्या, रंग विकणाऱ्याला दिल्या, कधी नसलेल्या खिळ्याला दिल्या. सगळ्यात जास्त चीड बबलूची आली, कारण तो निर्दोष निघाला होता.

टायर चढवून चाक पुन्हा टाक्यात बुडवलं. पाणी गप्प राहिलं.

बाजारात चंदाबाई रिकाम्या पाट्यांपाशी बसून होती. सगळं ऐकून घेतलं, मग उठून टायरवर पाय दाबून पाहिला.

"पोयाचा रंग," ती पदराआड हसत म्हणाली. "उद्या सकायी पाह्यतो. चाक उभं असन तर माल तुया."

"अन् बसलं असन तर?"

"तर बबलूचा फोन नंबर हाये माह्यापाशी."

उकंडानं पाट्या एकात एक घालून मागं रचल्या, दोर आवळला, फाळका लावला अन् बाकीच्या बायांना हाक मारून स्टिअरिंगवर बसला.