गेलेनच्या दुखण्याचे गुण

९ मे २०१८ रोजी गेलेन सुंडेटच्या घरी हॉस्पिटलचे ३१,४८६ डॉलर ७५ सेंटचे बिल आले. डाव्या जांघेतल्या हर्नियाचे ऑपरेशन करून आत जाळी बसवल्याचे ते बिल. विमा कंपनीने आपला वाटा भरला, उरलेला गेलेनने तिसऱ्या दिवशी चेकने भरून टाकला. कुणाचे देणे आठवड्याच्या वर ठेवायचे नाही, हा त्याचा जन्माचा नियम. बिलात खाली एक ओळ होती: वेदनेचे मोजमाप, १८ डॉलर ४० सेंट. मिनेसोटातल्या आमच्या धान्य सहकारी संस्थेत मी सत्तावीस वर्षे असल्याच ओळी तपासत आलो आहे. तरी गेलेनने बिल दाखवले तेव्हा ही ओळ मी सोडून दिली.

गेलेन संस्थेचा ट्रक चालवतो. वय एकसष्ट, पूर्ण पेन्शनला चौदा महिने बाकी. जखम सहा आठवड्यांत भरली, तो कामावर आला, पण दुखणे गेले नाही. क्लच दाबला की जांघेपासून मांडीपर्यंत तापलेली तार ओढल्यासारखे व्हायचे. त्याने कमरेचा पट्टा सोडला आणि खांद्यांवरून पँट धरणारे गॅलिस लावले. शिंक आली की आधी जांघ धरायची, मग नाक. चर्चमध्ये तो तिरका बसू लागला. पाद्रीबुवांना वाटले, प्रवचन आवडत नसावे.

डॉक्टर म्हणाले, जाळीत नस अडकली असावी, पुन्हा ऑपरेशन करून ती कापावी लागेल. विमा कंपनीची अट एकच होती: वेदना दहापैकी सात किंवा जास्त असल्याची नोंद हवी. हॉस्पिटलातल्या पहिलीपासून गेलेनच्या चारही तपासण्यांत नोंद होती दोन.

यात नर्सची चूक नव्हती. आमचे गाव नॉर्वेहून आलेल्यांच्या नातवंडा-पतवंडांचे. इथे कसे आहात विचारले की "तसं वाईट नाही" म्हणतात, मग मागे कोठार जळत का असेना. कॉफी दोनदा नाकारायची आणि तिसऱ्या आग्रहाला "बरं, अर्धा कप" म्हणायचे. ताटातला केकचा शेवटचा तुकडा कुणी उचलत नाही. जो तो त्यातला अर्धा कापून घेतो, आणि उरलेला कण दुसऱ्या दिवशी कोंबड्यांना जातो. अशा माणसापुढे नर्सने दहा चेहऱ्यांचा तक्ता धरला होता, पहिला हसरा, शेवटचा रडका. गेलेनने दुसऱ्यावर बोट ठेवले. म्हणाला, चर्चच्या सभासदांच्या पुस्तकातल्या माझ्या फोटोसारखा दिसतो.

जुलैत मॅनेजर वेंडेलने त्याला सांगितले, "सप्टेंबरअखेर कापणी सुरू होतेय. तोवर क्लच दाबता आला तर ठीक, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल. वाईट वाटून घेऊ नकोस."

"नाही नाही, बरोबर आहे तुझं," गेलेन म्हणाला आणि लंगडत माझ्या टेबलाशी आला.

"अरे, दोन कशाला सांगतोस?" मी विचारले.

"आर्नीचा हात मळणीयंत्रात गेला होता ना? तो म्हणाला, पाच."

"बरं, मग?"

"मग आर्नीच्या पुढे मी कसा जाऊ?"

ऑगस्टमध्ये पाचवी तपासणी होती. गाडी मी चालवली, कारण त्याच्या स्वतःच्या गाडीलाही क्लच. त्याची बायको मार्लिस मागे बसली होती.

"गॅरेजमध्ये जाऊन रडतोस, ते सांग नर्सला," ती म्हणाली.

"कांद्यांमुळे पाणी येतं डोळ्यांना."

"गॅरेजमध्ये कांदे?"

"तिथेच ठेवलेत ना तू."

नर्स जोलीन गावातलीच, त्याच्या मुलीची वर्गमैत्रीण. तिने तक्ता काढला, गेलेनचे बोट दुसऱ्या चेहऱ्याकडे निघाले, आणि तिने तक्ता उलटा करून ठेवला.

"मिस्टर सुंडेट, सात देऊ का?"

"छे छे, सात फार होतात."

"घ्या हो. भरपूर आहेत माझ्याकडे."

"नको. कुणा जास्त गरजूला राहू देत."

मार्लिसने पर्सचा बंद गच्च धरला होता. जोलीनने कागद पुढे सरकवला.

"आज दुसरं कुणी यायचं नाही. तुम्ही घेतले नाहीत तर वायाच जातील."

गेलेनने छताकडे पाहिले, मग बायकोकडे.

"वाया जाणार असतील तर... बरं. पण लहानसे द्या."

"सात लहान मिळत नाहीत," म्हणत जोलीनने आकडा लिहूनही टाकला.

दहा दिवसांत मंजुरी आली. लगेच ऑपरेशन होऊन नस कापली. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी गेलेन ट्रकवर चढला, क्लच दाबला, आणि वेंडेलला खिडकीतून म्हणाला, "तसं वाईट नाही." या वेळी ते खरे होते. तळहाताएवढी जागा मात्र कायमची बधिर झाली. तिथे गरम कॉफी सांडली तर त्याला ती वासावरून कळते. वजन अजूनही उचलवत नाही. चर्चच्या जेवणात कॉफीचे मोठे भांडे आधी तो आणायचा, आता आर्नी एका हाताने आणतो, आणि ते पाहून गेलेनला जे होते त्याला तक्त्यावर चेहरा नाही.

डिसेंबरात विमा कंपनीचे पत्र आले. दुसरे ऑपरेशन मंजूर. पण वेदनेची मोजमापे एका वर्षात चारच भरून मिळतात. पाचव्याचे पैसे रुग्णाने भरावेत. गेलेन पत्र घेऊन माझ्याकडे आला.

"अरे, भरून टाक की," मी म्हणालो. "नियम आहे तुझा."

"मी मागितलं नव्हतं," तो म्हणाला. "जोलीननंच आग्रह केला."

हॉस्पिटलची दोन स्मरणपत्रे येऊन गेली. गेलेनकडे १८ डॉलर ४० सेंट अजून बाकी आहेत.