न वाचता लिहिलेला फळा

मी तापट माणूस. कर्नाटकातल्या आमच्या भालकीत कुणालाही विचारा, सांगतील, “पेंटर अण्णा? अक्षर बघत राहावं असं, आणि तोंड उघडलं की पळत सुटावं असं.” चाळीसएक वर्षं मी या गावात पाट्या रंगवल्या. किराणा, कापड, औषधांची दुकानं, दवाखाने, रसवंत्या, उदगीर-लातूरकडे जाणाऱ्या जीपगाड्यांच्या कपाळावरची नावं, सगळं माझ्या हातचं. वर कन्नड, खाली मराठी. मग फ्लेक्स आलं आणि बघता बघता माझे ब्रश वाळून गेले. त्या फ्लेक्सवाल्यांना मी अजूनही रोज एकदा शिव्या देतो. त्याशिवाय जेवण अंगी लागत नाही.

बायको गेल्यावर मी घरात नुसता चिडचिड करत बसायचो. शेवटी मुलगाच म्हणाला, “बाबा, भिंतीशी भांडत बसण्यापेक्षा माणसांत जाऊन भांडा की.” बाजारामागच्या जुन्या धान्याच्या गोदामात तेव्हा दोन खोल्यांचं एक केंद्र निघालं होतं, साठीच्या पुढच्या माणसांनी शिकत राहावं म्हणून. म्हातारपणी शिकायचं काय, कप्पाळ! मी नाक मुरडतच गेलो. पण तिथल्या बाईंनी (मुलीच्या वयाची पोरगी आहे, पण सगळे बाईच म्हणतात) माझं अक्षर बघितलं आणि बाहेरच्या भिंतीवरचा काळा फळा माझ्या ताब्यात दिला. पुढच्या महिन्याचे कार्यक्रम मी दर महिनाअखेरीला त्यावर लिहायचे, असं ठरलं.

काय सांगू, पुन्हा माणसांत आल्यासारखं वाटलं. खडू मी साखरेच्या पाण्यात भिजवून घ्यायचो. तसा लिहिला की कुणाचा खांदा घासला तरी पुसत नाही, महिनाभर टिकतो. चुन्यात बुडवलेला दोरा ताणून ओळी आखायच्या, डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड. सोमवारी गुडघ्यांचे व्यायाम, मंगळवारी मोबाइल शिकणे, बुधवारी भजन-गाणी, गुरुवारी डोळ्यांची तपासणी, शनिवारी औरादच्या आठवडी बाजाराची सहल. असलं साधंच सगळं. पण जाणारा-येणारा थांबून म्हणायचा, “व्वा अण्णा, हात अजून तसाच हाय बघा!” मी वर बघायचोच नाही. हात थोडा थरथरायला लागला होता, ते मलाच माहीत.

आता खरं सांगतो. मला कन्नड वाचता येत नाही.

बोलता येतं, अगदी फाडफाड. बाजारात, सासुरवाडीला, दवाखान्यात, कुठंही सोडा. पण शाळा मराठी झाली, तीही चौथीपर्यंत. कन्नड अक्षरं मला उस्तादांनी शिकवली, ज्यांच्या हाताखाली मी पाट्या रंगवायला शिकलो त्यांनी. उस्ताद दखनी बोलणारे, स्वतः उर्दू सोडून काही वाचायचे नाहीत, आणि तरी बाजारातल्या निम्म्या कन्नड पाट्या त्यांच्या हातच्या. गिऱ्हाईक मास्तरांकडून चिठ्ठीवर लिहून आणायचं, आम्ही ती बघून काढायची. “पढना नको रे,” उस्ताद म्हणायचे, “देख. पढनेवाला जल्दी करता.” त्यांचं खरंच होतं. ज्याला वाचता येतं तो अर्थाकडे धावतो, वळण बिघडवतो. मी वळण बघायचो, पोटाची गोलाई बघायचो, डोक्यावरची ती चोचीसारखी खूण बघायचो. काही अक्षरं रोजच्या बसमधल्या माणसांसारखी तोंडओळखीची झाली होती. नाव मात्र कुणाचंच ठाऊक नाही.

आणि एवढी वर्षं निभावलं कसं? बायकोमुळे. तिचं माहेर चिटगुप्पा, शिक्षण कन्नड शाळेत सातवीपर्यंत. सकाळी ती चुलीपुढे भाकरी थापायची आणि मी तिच्यासमोर चिठ्ठी धरायचो, कारण तिचे हात पिठाचे. ती मान वाकडी करून वाचायची, “हे ‘भांडार’ हाय. आन् हे खालचं ‘प्रोप्रायटर’. आवं, ह्या मास्तरानं एक अक्षर गाळलंय, सांगा त्याला.” मी जाऊन दुकानदाराला ऐटीत सांगायचो, “तुमच्या मास्तरानं अक्षर गाळलंय.” दुकानदार तोंडात बोट घालायचा. पेंटर अण्णाला दोन्ही भाषा येतात, अशी गावभर ख्याती. मी ती बिनदिक्कत मिरवली. तव्यावरची भाकरी उलटता उलटता ती हसायची, पण बाहेर कधी एक शब्द बोलली नाही.

एकदा मात्र तिनं मुलाची जुनी पाटी पुसून पुढं ठेवली. लग्नाला दहा-बारा वर्षं झाली असतील. म्हणाली, “रोज येक अक्षर सांगते की. दोन म्हैन्यात वाचायलासा बघा.” माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “मला काय शाळंत घालायलीस? नवऱ्याला शिकवणारी मास्तरीण झालीस व्हय?” असं काहीतरी ओरडलो. पाटी तिनं उचलली, फडक्यानं पुसली, फळीवर ठेवली. त्यानंतर तिनं हा विषय काढला नाही. चिठ्ठ्या तेवढ्या वाचत राहिली, मरेपर्यंत. ती पाटी ठेवतानाची तिची पाठ मला आजही दिसते आणि मी स्वतःलाच चार शिव्या हासडतो.

केंद्रात माझं भागत होतं, कारण बाई चिठ्ठीच्या एका बाजूला कन्नड लिहायच्या आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्या सासूबाई मराठी लिहून द्यायच्या. दोन्ही बघून काढायचं, झालं. पण मागच्या महिनाअखेरीला, शनिवारी, बाई बिदरच्या बसची घाई करत आल्या. चिठ्ठी हातात दिली नि म्हणाल्या, “अण्णा, सासूबाई लातूरला गेल्यात. मराठी तुम्हीच लिवा, तुम्हाला काय, दोन्ही येतंय.” आणि गेल्या सुद्धा.

चिठ्ठी सगळी कन्नड. माझ्या तोंडचं पाणी पळालं. केंद्रात चिटपाखरू नव्हतं. कुणाला विचारायचं म्हणजे चाळीस वर्षांची अब्रू चव्हाट्यावर मांडायची. मी विचार केला, दर महिन्याला वेगळं असं काय असतं? तेच गुडघे, तोच मोबाइल. मराठीच्या बाजूला मागच्याच महिन्याचे कार्यक्रम जसेच्या तसे उतरवले. कन्नडच्या बाजूला चिठ्ठीतली ओळन् ओळ काढली. या वेळी चिठ्ठीच्या तळाला एक ओळ जास्तीची होती. म्हटलं असेल काही सूचना, पाण्याची बाटली आणा वगैरे. ती मी पिवळ्या खडूनं काढली, खाली दुहेरी रेघ मारून. अशी सुरेख जमली होती की मीच दोन पावलं मागं जाऊन बघत राहिलो.

सोमवारी गुडघ्यांच्या व्यायामासाठी सतरंजी काखेत मारून गेलो. माझ्यासारखे आणखी पाच-सहा जण सतरंज्या घेऊन उभे. आणि आत बघतो तर बाकं मांडलेली, शाळकरी नातवंडांनी फळ्याची कन्नड बाजू वाचून सांगितलेली माणसं वह्या-पेन्सिली घेऊन बसलेली! बाहेरच्या फळ्यापुढं अक्का उभ्या होत्या. या अक्का म्हणजे आमच्या बाजारातल्या जुन्या कापडवाल्यांच्या घरातल्या, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, माझ्या बायकोच्या माहेरगावच्या. त्या चष्मा सारखा करून मोठ्यानं वाचायला लागल्या, आणि सतरंजीवाल्यांसाठी मराठीत सांगायला लागल्या.

“सोमवार, कन्नड वाचायला-लिवायला शिकणे. शिकवणार, आपले पेंटर अण्णा.” मग पिवळी ओळ. “अण्णा, शिकवायची इच्छा नसली तर सोमवारची ओळ लिवू नका.”

आणि मग जे हसू फुटलं! “अण्णा, तुम्ही लई गमत्ये हाव बघा!” “बाईची चिठ्ठीच फळ्यावर लावली की!” बाई दारातून आल्या, त्यांनीही वाचलं, आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “म्हणजे व्हय म्हणायची ही तऱ्हा का तुमची?”

मी पण हसलो. दुसरं काय करणार! पुसायला हात फिरवला, तर साखरेचा खडू, पुसतो कशाचा! “गंमत केली,” म्हणालो. सुटका समोर दिसत होती. सगळे ती गंमतच समजत होते. तशीच समजू दिली असती तर आजही मी दोन भाषांचा पेंटर अण्णा म्हणून मिरवत असतो.

पण वर्ग तर घ्यायलाच हवा होता. आतल्या फळ्यावर मी एक अक्षर काढलं, हातभर उंच. टाळ्या पडल्या. शेजारी एक निवृत्त बसकंडक्टर बसले होते, त्यांनी ते वहीत उतरवलं आणि सरळ मनानं विचारलं, “अण्णा, ह्याला काय म्हनायचं?”

मी अक्षराकडे बघितलं. रागावून वेळ मारून न्यावी, असं आलं मनात. “आधी वळण गिरवा, मग विचारा” असं खेकसलो असतो तर ते बिचारे गप्प बसले असते. माझी आयुष्यभराची युक्तीच ती. कुणी जवळ आलं की ओरडायचं. त्या दिवशी मात्र ओरडलो नाही.

“मला ठाव न्हाई,” मी म्हणालो.

कुणाला कळेना. मी पुन्हा म्हणालो, “मला कन्नड वाचता येत न्हाई. कधीच आलं न्हाई. नुसतं बघून काढतो. बाहेरचं बी तसंच काढलंय. घरात वाचून दाखवणारी होती, तोवर निभलं. ती शिकवते म्हणली होती. मीच शिकवू दिलं न्हाई तिला.”

हे सगळं बोलून झालं आणि मी खडू टेबलावर ठेवला. आता हसतील, म्हटलं. कुणी हसलं नाही. बाईंचा चेहरा उतरला, त्या “चूक माझीच” म्हणायला लागल्या, मी त्यांच्यावर खेकसलो, “तुमची कामून? गप बसा!” तेव्हा मात्र कंडक्टर हसले.

“मग शिकवणार कोण?” कुणीतरी विचारलं. सगळ्यांनी अक्कांकडे बघितलं. अक्का लाजल्या. पंचाहत्तरीची बाई, पण पोरीसारख्या लाजल्या. म्हणाल्या, “मला लिवायला येत न्हाई. आज्ज्यानं पूजेत म्हणायची वचनं वाचण्यापुरतं शिकवलं. लिवायला कशाला, कुणाला चिठ्ठ्या धाडायच्यात, म्हणायचे.”

मग काय, आम्ही दोघं मिळून उभे राहिलो. ज्याला त्याला आधी स्वतःचं नाव पाहिजे होतं. बाहेरच्या फळ्यावरच्या माझ्याच ओळींतून अक्का अक्षर हुडकायच्या, त्यावर बोट ठेवायच्या, उच्चार सांगायच्या. मी आत येऊन ते मोठं काढायचो. कंडक्टरांचं नाव झालं, सतरंजीवाल्यांची झाली. अक्कांनी स्वतःचं नाव माझ्या मागोमाग गिरवलं आणि वही छातीशी धरून बसल्या. तासाभरात पंधराएक अक्षरांचे आवाज माझ्या कानात बसले. इतकं सोपं होतं. दोन महिने म्हणाली होती ती, तेही जास्तच झाले असते.

शेवटी अक्का म्हणाल्या, “अण्णा, आता येक शब्द काढा. मी बोट दावते, आवाज सांगणार न्हाई. तुम्ही वाचायचं.”

त्या बाहेरच्या फळ्यावर एकेका अक्षरावर बोट ठेवत गेल्या, मी ते आत येऊन काढत गेलो. तीन अक्षरं. मग बोट ठेवून वाचायला लागलो. पहिलं कंडक्टरांच्या नावात आलं होतं. दुसरं अक्कांच्या. तिसऱ्यावर बोट गेलं आणि हात थांबला. काय लिहिलंय ते मला कळलं होतं.

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मी बायकोला नावानं हाक मारली नव्हती. आमच्यात तशी रीतच नाही. लग्नात बायकांनी दार अडवून नाव घ्यायला लावलं तेव्हा कसंबसं पुटपुटलो, तेवढंच. पुढं ‘अगं’, ‘ऐकलंस का’, आणि राग आला की नुसतंच ‘ए’. साऱ्या तालुक्याची नावं मी पत्र्यावर काढली, तिचं एकदाही काढलं नाही.

“मोठ्यानं वाचा की,” अक्का हळूच म्हणाल्या.

मी वाचलं. अडखळत, एकेक अक्षर. मग सलग वाचलं. तिसऱ्यांदा मात्र मी हाक मारली, स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशी, आणि उत्तराची वाट बघत फळ्यासमोर उभा राहिलो.