कंपनीचं रबर

"गाडी बंद पडायच्या आधी महिनाभर बोलत असते, ऐकणारा पाहिजे," असं तो एकदा म्हणाला होता, आणि गॅरेजात उभ्या असलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

त्याला सगळे कंपनी म्हणत. खरं नाव दाराच्या पाटीवर होतं, पण ते कुणी वाचत नसे. गाडीचा बारीकसा भाग घ्यायला गेला तरी दुकानदाराने वस्तू पुढे ठेवायच्या आत त्याचा प्रश्न तयार असे, "कंपनीचा आहे ना?" दुसऱ्या कुणी बनवलेला माल तो हातात घेत नसे. मेलेला विंचू ढकलावा तसा नखाने परत सरकवी. त्याची गाडी बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. मग त्याने बंद पडणाऱ्या दुकानांतून आणि गोदामांच्या माळ्यांवरून जुना माल वेचून आणला होता. दिव्यांच्या काचा, दारांच्या कड्या, ब्रेकची रबरं. सगळं मूळ पुठ्ठ्याच्या डब्यांत, हात न लागलेलं. ते डबे बायकोच्या शिलाई मशीनच्या खोलीत, तिच्या कपाटावर, छताला टेकेपर्यंत रचलेले होते.

"कपाट माझ्या माहेरचं," ती येणाऱ्या बायकांना सांगे, "आणि वर बसलीय ती माझी सवत."

बायका हसत. तीही हसे. पण एकटी मशीनवर बसली की तिला ते डबे डोक्यावर वाकून बघत असल्यासारखे वाटत.

तो रंगाच्या दुकानात कामाला होता. गिऱ्हाईक भिंतीचा टवका घेऊन यायचं आणि तो डब्यात थेंब थेंब टाकत हुबेहूब तोच रंग घोटून द्यायचा. गाडीचा रंगही आता कुठे मिळत नव्हता, राखेत बुडवून काढल्यासारखा हिरवा. तो त्याने नजरेनेच जमवला होता. कुठे ओरखडा उठला की रविवारी सकाळी बारीक ब्रश घेऊन बसायचा. संध्याकाळी ओरखडा कुठे होता ते त्यालाही सापडत नसे.

त्या वर्षी बॉनेटखाली, ब्रेक ऑइलच्या बाटलीच्या खालच्या बाजूला, रंगाला नाण्याएवढा फोड आला. त्याने तो खरवडला, अस्तर लावलं, रंग दिला. काही आठवड्यांनी पुन्हा फोड आला, आता तळहाताएवढा.

"ओल धरली," तो म्हणाला.

"आत कुठली ओल?" बायकोने विचारलं.

"म्हातारी झाली गं ती. म्हाताऱ्यांना कुठेही ओल धरते."

बाटलीतलं ऑइलही कमी व्हायचं. तो वर थोडं ओतायचा आणि झाकण लावताना लाडाने म्हणायचा, "पिते थोडी." बायकोला काहीतरी आठवत होतं आणि नीट आठवत नव्हतं. मग एका दुपारी, कुणाच्या तरी बाहीची उसवण शिवताना, आठवलं. एकदा ती दुकानात डबा द्यायला गेली होती, तेव्हा तो एका गिऱ्हाइकाला सांगत होता, "साहेब, ब्रेक ऑइल रंग खातं. रंग फुगला ना, तर रंगाकडे बघू नका, ऑइल कुठून गळतंय ते बघा." दुसऱ्याची गाडी होती ती.

ही गोष्ट त्याला सांगायची तिची छाती झाली नाही. गाडीबद्दल बोललेलं तो आईबद्दल बोलल्यासारखं मनाला लावून घेई.

तिचं आयुष्य पायाने चालवायच्या मशीनवर गेलं होतं. पाय काय करतो ते तिला डोळ्यांच्या आधी कळायचं. बाजारात जाताना ती त्याच्या शेजारी बसायची. तिच्या लक्षात आलं की तो ब्रेक दोनदा दाबतो. आधी एक हलका, उगाच चाचपल्यासारखा, आणि लगेच दुसरा, खरा. पूर्वी असं नव्हतं. बोलणं चालू, आरशात बघणं चालू, आणि खाली पाय आपला आपण दोनदा. हल्ली उतारावर तीनदा.

"अहो, तुम्ही ब्रेक दोनदा का मारता?"

"कोण, मी?"

"मग गाडीत आणखी कोण आहे?"

"काहीतरीच तुझं. एकदाच मारतो." पुढे सिग्नल लागला. त्याचा पाय दोनदा खाली गेला. गाडी थांबली. तो तिच्याकडे बघून हसला, की बघ. ती खिडकीबाहेर बघू लागली.

त्यांची वसाहत टेकडीवर होती. खाली जाणारा रस्ता आधी सरळ आणि उभा, आणि शेवटी एकदम वळून दगडी भिंतीला लागून जाई. मालाचे ट्रक त्यावरून उतरताना जळक्या रबराचा वास वर घरापर्यंत यायचा. वारा तिकडचा असला की तो वास तिच्या शिवलेल्या कपड्यांना लागे.

अशात माहेरी राहायला आलेल्या लेकीला टेकडीखालच्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली. सोमवारपासून जायचं होतं. तिच्या लहानग्या मुलीला, पिल्लूला, तिथल्याच पाळणाघरात ठेवायचं ठरलं. बसच्या वेळा जुळत नव्हत्या. घरात त्यावर खल चालला असताना तो सहज बोलल्यासारखा म्हणाला, "आपली गाडी घेऊन जा की."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. ती गाडी त्याने कुणाला चालवायला दिली नव्हती. मेव्हण्याला नाही, सख्ख्या भावाला नाही.

"बाबा, खरंच?" लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं.

वरच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी हे ऐकलं तेव्हा ते जिन्यातूनच ओरडले, "काय कंपनी, मुलगी दिलीत तेव्हा रडला नाहीत. आता गाडी देताना पदर शोधाल कुणाचा तरी!"

"तुम्ही आहात ना," तो म्हणाला, आणि खूष होऊन हसला.

बायको हसली नाही. त्या रात्री तिला झोप लागली नाही. डोळे मिटले की उभा रस्ता दिसायचा, आणि त्यावर एकदाच खाली जाणारा पाय.

रविवारी त्याने गाडी धुतली आणि लेकीला सगळं समजावून सांगायला घेतलं. दार लावताना जरा वर उचलायचं. दुसरा गियर घालताना घाई करायची नाही, ती चिडते. सकाळी सुरू झाल्यावर थोडं थांबायचं, तिला जागी होऊ द्यायचं. बायको पिल्लूला कडेवर घेऊन उभी होती. तिला वाटत होतं, तो आता सांगेल, आता सांगेल. त्याने काच कशी पुसायची ते सांगितलं आणि किल्ली लेकीच्या हातात ठेवली.

"आणि ब्रेकचं?" बायको म्हणाली.

"ब्रेकचं काय?"

"दोनदा मारावा लागतो, ते सांगितलं का तिला?"

त्याचा चेहरा बदलला. "पुन्हा तेच! मागच्या वर्षी रबर मी या हाताने बदललंय. कंपनीचं. नवा डबा फोडून."

"रंग फुगतोय ना पण तिथला. तुम्हीच त्या गिऱ्हाइकाला..."

"तुला शिलाई कळते ना? मग शिलाई कर."

लेक दोघांकडे बघत राहिली. असल्या बोलण्याला बायको एरवी गप्प बसायची. आज तिने पिल्लूला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, "बरं. शिलाई करते. पण आधी तिने इथं आवारात चालवून दाखवायची. तुम्ही शेजारी बसा. पिल्लू माझ्याजवळ राहील."

"आई, अगं त्यात काय एवढं..."

"बस गाडीत."

तिचा हा आवाज घरात कुणी ऐकलेला नव्हता. तो पाय आपटत गेला आणि शेजारच्या सीटवर बसला. त्या सीटवर तो आयुष्यात पहिल्यांदा बसत होता. गुडघे कुठे ठेवायचे ते त्याला कळेना.

लेकीने गाडी सुरू केली. दुसरा गियरही नीट पडला. गाडीने फाटकाकडून वळण घेतलं आणि पाण्याच्या टाकीच्या भिंतीकडे निघाली. वेग काही फार नव्हता, सायकल जावी तेवढाच. भिंत जवळ आली. बायकोला लेकीचा खांदा खाली गेलेला दिसला, म्हणजे पाय दाबला होता. गाडी हळू झाली नाही. ओळखीच्या गोठ्याकडे जाणाऱ्या गाईसारखी निवांत भिंतीकडे जात राहिली.

आणि उघड्या खिडकीतून त्याचा आवाज आला, फाटलेला, सगळ्या आवाराला ऐकू जाईल असा.

"दोनदा! अगं दोनदा मार!"

काच फुटली. समोरचा दिवा गेला होता, बाकी काही नाही. लेक स्टीअरिंग धरून तशीच बसली होती. पिल्लू टाळ्या वाजवायला लागली, तिला तो खेळ वाटला. वरच्या खिडकीत पोस्टमास्तर आले, काही बोलणार होते, पण खाली बघून त्यांनी खिडकी लावून घेतली.

घरात आल्यावर तो सरळ शिलाईच्या खोलीत गेला, स्टुलावर चढला आणि ब्रेकच्या रबरांचा डबा घेऊन स्वयंपाकघरात आला. "हे बघ," तो लेकीला म्हणाला, "याच्याच जोडीचं रबर गाडीत आहे. हात लागलाय का बघ कुणाचा. वर लावलेली पावडरसुद्धा तशीच आहे." काळं, तुकतुकीत, नाण्याएवढं रबर त्याने अंगठ्यात आणि बोटात धरलं, आणि ते किती मऊ आहे ते दाखवायला वाकवलं.

ते वाळक्या सालीसारखं तडकलं. दोन तुकडे टेबलावर पडले.

त्याने दुसरं काढलं. तेही गेलं. तिसऱ्याला त्याने हात लावला आणि परत घेतला.

"डब्यातल्या डब्यात," तो पुटपुटला. "न वापरता."

लेकीने एक तुकडा उचलून बघितला. मग तिने मान वर केली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि बायकोला त्याचीच जास्त भीती वाटली.

"बाबा, परवा लस द्यायला पिल्लूला खाली तुम्हीच घेऊन गेला होतात ना? याच गाडीतून?"

तो टेबलावरचे तुकडे बोटाने एकमेकांना जुळवायला लागला.

"दोनदा मार म्हणून ओरडलात तुम्ही. म्हणजे माहीत होतं."

"नव्हतं गं," बायको मध्येच म्हणाली, आणि म्हणता म्हणता थांबली. खरं होतं ते, आणि खोटंही होतं. पायाला माहीत होतं. पाय त्याचाच होता.

"आई, तू थांब. त्यांना बोलू दे." लेकीने पिल्लूला आईकडून घेतलं आणि छातीशी धरलं, जरा जास्तच घट्ट. "सांगा ना बाबा. उद्या आम्ही दोघी निघालो असतो. मला सांगायचं तुमच्या मनात एकदाही आलं नाही?"

पिल्लूने आजोबांकडे जायला हात पुढे केले. लेकीने ते हलकेच धरून आत घेतले.

त्याने ते हात आत जाताना बघितले. मग तो खुर्ची मागे सारून उठला, दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या, आणि बाहेर निघून गेला.