शंकरपटाच्या गर्दीतले पंजाबराव

रोहिणखेडची समीना लग्नाचे फोटो काढायची. अब्बांच्या माघारी मोताळ्यातला स्टुडिओ तिनेच चालवला. पहिल्यांदा शंकरपटाला, बैलजोड्यांच्या शर्यतीला गेली, तेव्हा पुरुषांच्या रेटारेटीत तिला धावपट्टीजवळ उभंही राहता आलं नाही. ती मागच्या एका ट्रॉलीवर चढली. तिथून बैलजोड्या धड दिसत नव्हत्या, समोरच्या बाजूची माणसं मात्र स्पष्ट दिसत होती. श्वास रोखलेली, हात उंचावलेली, खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक दातांत धरलेली. तिने त्यांचेच फोटो काढले. पुढे जत्रा असो की कुस्त्या, ती गर्दीकडेच तोंड करून उभी राहू लागली.

या वर्षी तिच्या गावातले पंजाबराव वारले. घरात त्यांचा धड एक फोटो नव्हता. तेरवीसाठी हवा म्हणून मुलगा ज्ञानेश्वर आईला, झुंबरबाईंना, घेऊन समीनाकडे आला. पंजाबराव दरवर्षी पटाला जायचे. समीनाने काढलेल्या गर्दीच्या फोटोंत बरंच शोधल्यावर ते सापडले. तोंडभर हसत होते, आणि खांद्यावर कुणाचा तरी हात होता.

ज्ञानेश्वरने अंगठी ओळखली. "गोपालकाकाचा हात हाय. तेवढा काढून टाका."

शेताच्या धुऱ्यावरून, बांधाच्या भांडणातून, दोघा भावांचं बोलणं कधीचंच बंद होतं.

"काढता येते," समीना म्हणाली. "पण काकूले एकदा अख्खा फोटो पाहू द्या."

तिने फोटो मोठा केला. शेजारी गोपालही तसाच हसत होता. झुंबरबाई पदर तोंडाला लावून पाहत राहिल्या.

"कोणत्या सालचा हाय, माय?"

"मागच्याच वर्षीचा, काकू."

"घरी तर त्याचं नाव काढू देत नव्हते." त्यांनी फोटोतल्या त्या हाताकडे बोट केलं. "दोघंही राहू दे."

"माय, लोक काय म्हणतीन?"

"तुह्या बापानं लोकाईतच हात ठेवू देला ना."

तेरवीला समीना फोटो घेऊन गेली. झुंबरबाईंनी निरोप धाडला होता, म्हणून गोपालही आला होता. मांडवाच्या टोकाला बसला होता. फोटो लागल्यावर उठून जवळ गेला, बराच वेळ पाहिला.

"आमी तवा काय पाहून हासून राह्यलो होतो, पोरी?"

"मले नाई माहीत, काका. माही पाठ होती तिकडं."

त्याने डोळे पुसले आणि चपला शोधू लागला. ज्ञानेश्वर पंगतीत वाढत होता. एक पत्रावळ आणून त्याने काकाच्या जागेपुढे मांडली. गोपाल परत येऊन बसला.