मधला चौकोन

आमच्या मिनेसोटातल्या गावात शाळा संपवून कॉलेजला निघालेल्या प्रत्येक पोराला चर्च एक गोधडी देतं. चर्चच्या तळघरात आम्ही सहा बायका वर्षभर त्या शिवतो. मधल्या चौकोनात पोर पुढे काय शिकणार त्याचं चित्र असतं: शेतीवाल्याला मक्याचं कणीस, मास्तरणीला सफरचंद, इकडे पोरं बाईंना देतात तसं. मधले चौकोन माझ्याकडे. सत्तरीतही माझे हात थरथरत नाहीत, एवढीच माझी पात्रता.

त्या वर्षी ब्रिटा हाउगेननं आम्ही प्रत्येक पोराकडून भरून घेतो त्या कागदावर लिहून दिलं, ‘अजून ठरवलं नाही.’

"ठरवलं नाही? मग कॉलेजात जाऊन काय माशा मारणार?" मी विचारलं.

"बघणार," ती म्हणाली. बसल्या जागी तिचा पाय हलत होता. लहानपणीही रविवारच्या वर्गात ही तासाभरात तीन खुर्च्या बदलायची.

तिची आई लॉर्ना आमच्यातलीच एक. एकोणीस वर्षं वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांच्या चादरी बदलते आहे. तिनं मला बाजूला घेतलं. "आर्डिस, मधल्या चौकोनात नर्सची टोपी काढ गं. रोज डोळ्यांसमोर राहिली की तिचंही ठरेल."

मला रिकामा चौकोन बघवत नव्हताच. मी कापडाची टोपी कापून मधे शिवली.

रविवारी पास्टरनं सगळ्यांसमोर गोधडी ब्रिटाच्या हातात दिली. तिनं ती उलगडली आणि लालबुंद झाली. पण भेटवस्तूला नाकं मुरडायची आमच्याकडे रीत नाही. ती "थँक यू" म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

ऑक्टोबरात एका गुरुवारी, ऐन शिवणाच्या वेळी, ब्रिटा कॉलेजातून गोधडी काखेत मारून तळघरात आली. कॉफी नको म्हणाली. बसेही ना, टेबलाभोवती नुसत्या फेऱ्या.

"मिसेस लुंड," ती मला म्हणाली, "होस्टेलच्या खोलीत येणारा प्रत्येक जण पलंगावरच्या गोधडीकडे बघून म्हणतो, ‘अरे वा, नर्सिंग!’ पहिल्या दिवशी मी ‘हो’ म्हणून मान हलवली. मग रोज हलवतच गेले. आता शरीरशास्त्राच्या वर्गात बसते आणि जीव पळतो खडकांच्या वर्गाकडे, नाहीतर ढोल बडवतात तिकडे. विषय सोडायचा उद्या शेवटचा दिवस आहे."

"मग सोड की! मी धरून ठेवलंय का तुला?"

"हो, तुम्हीच. मी लिहून दिलं होतं ना?"

मला स्वतःची लाज वाटली.

लॉर्नानं हातातली इस्त्री उभी ठेवली. "आर्डिसला बोलू नकोस. मीच सांगितलं होतं."

"आई? तुझ्या गोधडीवर काय होतं गं?"

"मला कुठली गोधडी? मी कॉलेजला गेलेच नाही. काय व्हायचंय, असं मला कुणी विचारलंसुद्धा नाही."

"मला विचारलं ना? मग माझं उत्तर तरी राहू दे."

लॉर्नानं माझ्या डब्यातली टाके उसवायची सुरी घेतली आणि खाली बसून टोपीचा एकेक टाका उसवला. पांढऱ्या कापडावर सुईची भोकं तेवढी राहिली. मी म्हटलं, नवा चौकोन लावून देते, पण ब्रिटाला कुठला धीर! तशीच गोधडी उचलून ती पायऱ्या चढून गेलीसुद्धा.

टेबलावरच्या कापडाच्या चिंध्या मी गोळा करायला लागले. टोपी त्यांत नव्हती. लॉर्नानं ती घडी करून आपल्या पर्समध्ये ठेवली होती.