डाव्या हाताचा सलाम

मी लग्नाला हो म्हटलं ते एका सिनेमातल्या फौजीमुळे, आणि तो फौजी मी उलट्या बाजूने पाहिला होता. या वाक्यातलं पहिलं अर्धं आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. दुसरं अर्धं मी गिळून बसले होते, ते या दिवाळीपर्यंत.

आमचं गाव चोपड्याकडचं. हिवाळ्यात जत्रा भरली की तंबूतला सिनेमा यायचा. यायचा तोही इतका म्हातारा होऊन, की मुंबईच्या लोकांना त्याचं नावही आठवत नसेल. तंबूच्या मधोमध पांढरा पडदा. मशीन आणि पुरुष एका बाजूला, आम्ही बाया दुसऱ्या बाजूला. पडदा बादलीभर पाण्याने भिजवायचे, म्हणजे चित्र आरपार यायचं आणि आम्हालाही उजळ दिसायचं. पुरुषांना आम्ही दिसत नसू, आम्हाला पुरुष दिसत नसत. गावाची करमणूक आणि गावाची अब्रू, दोन्ही त्या एका ओल्या कापडावर टांगलेली. यात आम्हा बायांच्या वाट्याला सगळंच उलटं येतं, हे कुणाच्या डोक्यात यायचं कारण नव्हतं. आमच्या आयांनी, आज्यांनी तसाच पाहिला होता. सिनेमा असाच असतो, एवढंच आम्हाला ठाऊक.

त्या वर्षीचा सिनेमा लढाईचा होता. म्हणजे लढाई थोडी आणि प्रेम फार. डोंगरातल्या गावी एक फौजी येतो, दवाखान्यातल्या नर्सशी त्याचं जमतं, आणि जमतं न जमतं तोच त्याला ब्रह्मदेशाच्या जंगलात जायचा हुकूम येतो. आगगाडीच्या डब्यातून तो तिला सलाम करतो. डाव्या हाताने. मग हात बाहेर काढून खिडकीच्या धुरकट काचेवर बाहेरच्या बाजूने बोटाने काहीतरी लिहितो. तेही डाव्या हाताने.

"काय लिखं वं त्यानी?" मी माझ्या फुईला विचारलं. फुई म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, जत्रेत आम्हा पोरींची राखण तिच्याकडे असायची.

"फौजनी भाषा शे ती," फुई गोडशेव चघळत म्हणाली. "आपले काय समजस!"

मी तेव्हा मॅट्रिक नापास झालेली घोडी. अक्कल होती ती सगळी वेणीत, आणि वेणीही काही फार लांब नव्हती. जत्रा उठली तरी माझा फौजी उठेना. मी गोठ्यात जाऊन म्हशीला डाव्या हाताने सलाम करायचे. म्हैस रवंथ करत माझ्याकडे बघायची. आता वाटतं, आमच्या दोघींत समजूतदार तीच होती.

त्यानंतर वर्षभरात मला पाहायला धुळ्याचा एक मुलगा आला. हायस्कुलात चित्रकलेचा मास्तर. त्याचे मामा सोबत होते. मी चहा नेला, त्याने उजव्या हातात कप घेतला, मग चहा बशीत ओतायची वेळ आली तेव्हा हात विसरला आणि बशी डाव्या हाताने तोंडाला लावली. फुई मला स्वयंपाकघरात ओढून घेऊन गेली.

"हाऊ ते डावरा शे वं माय! पाहुण्यास्ले पान कोणता हाते वाढी हाऊ?"

मागून कळलं की त्याला या हातावरून आधी तीन ठिकाणी नकार मिळाले होते. आमच्याकडेही नकारच ठरत होता. माझे वडील, त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, आत आले आणि रीत म्हणून मला विचारलं, "तुनं काय म्हणणं शे?"

मी म्हटलं, "माले पसंत शे."

भाऊंनी फुईकडे पाहिलं, फुईने देवाकडे. मला त्या मुलाचं नाक आठवत नव्हतं, पगार विचारला नव्हता, घरात किती माणसं हेही माहीत नव्हतं. फक्त बशी धरलेला हात पाहिला होता. इतक्या भांडवलावर मी धुळ्याला नांदायला गेले.

तिकडे गेल्यावर पाहते तर काय, मास्तर माझ्यासमोर उजव्या हाताने जेवत होते. भाकरी मोडेना, डाळ मनगटावरून ओघळतेय. लहानपणी त्यांचा डावा हात पाठीमागे बांधून त्यांना जेवायला बसवायचे, ती सवय. चौथ्या-पाचव्या दुपारी मला राहवेना. म्हटलं, "अहो, डाव्याने जेवा ना. मी त्याच हाताला हो म्हटलंय."

त्यांचा घास थांबला. मग मी सगळं सांगितलं. फौजी, सलाम, काचेवरचं लिखाण. म्हैस तेवढी वगळली.

त्यांनी एकच विचारलं, "कुठे बसून पाहिलास तो सिनेमा?"

"बायांमध्ये. तंबूत."

"हं," ते म्हणाले, आणि भाकरी डाव्या हातात घेतली.

त्या दिवसापासून तो हात जो मोकळा सुटला, तो सुटलाच. शाळेत फळ्यावर डाव्या हाताने चित्रं, पंगतीत डाव्या हाताने वरण-भात. कुणी टोकलं की म्हणायचे, "आमच्या घरी याच हाताला मागणी आहे." वर्गात एखाद्या डावखुऱ्या पोराचा हात घरी बांधून ठेवतात असं कळलं की सायकल काढून त्याच्या आईबापांकडे जायचे, आणि माझी आणि फौजीची गोष्ट सांगून यायचे. पोराचा हात सुटायचा. मी बाजारात गेले की अनोळखी बाया माझ्याकडे बघून हसायच्या.

अशात एकदा धुळ्यात भिंतीवर त्याच सिनेमाची जाहिरात लागलेली दिसली. जुने सिनेमे दुपारच्या खेळाला पुन्हा लावायचे. मी हरखून घरी आले. एरवी कुठल्याही सिनेमाला नाही न म्हणणारे मास्तर म्हणाले, "त्या थेटरात ढेकूण फार आहेत."

"पण आपला फौजी आहे!"

"ढेकणांना फौजीबिजी कळत नाही. चावतात."

ऐकेन ती मी कसली. देवीला जाते म्हणून शेजारणीबरोबर निघाले आणि थेट दुपारच्या खेळाला जाऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा पडद्याच्या पुढच्या बाजूला. खुर्ची होती, पंखा होता, आणि पडदा कोरडा होता. नावं सुरू झाली तर ती वाचता येत होती! मला वाटलं, शहरात सिनेमा चांगल्या अक्षरात दाखवतात.

मग फौजी आला. त्याने उजव्या हाताने पत्र लिहिलं. उजव्या हाताने चहा घेतला. मी शेजारणीला म्हटलं, "हा तो नाही. माणूस बदललाय." ती म्हणाली, "गप बस." आगगाडी हलली आणि त्याने सलाम केला. चक्क उजव्या हाताने. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात तंबू उभा राहिला, मधला ओला पडदा, त्याच्या मागे गोधड्या पांघरून बसलेल्या आम्ही सगळ्या. आता घरी काय सांगू? तीन घरांनी नाकारलेला माणूस ज्या एका गोष्टीच्या जोरावर हात सोडून जगायला लागला होता, ती गोष्ट मी पडद्याच्या चुकीच्या बाजूने आणली होती.

पण तेवढ्यात फौजीने काचेवर बोट टेकवलं. आणि या वेळी मला वाचता आलं. फौजेची भाषाबिषा काही नव्हती. साध्या बाळबोध अक्षरात त्याने लिहिलं होतं, 'राह मत देखना'. माझी वाट पाहू नकोस. ती नर्स ते वाचते, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच हलत नाही. फक्त गाडीच्या वाफेची सावली तिच्या गालावरून सरकत जाते. मागून पाहताना मला वाटलं होतं तो तिला लवकर येतो म्हणतोय. इतके दिवस मी वेगळाच सिनेमा घेऊन फिरत होते. हा खरा त्याहून चांगला होता. मी फौजीला विसरले, मास्तरांना विसरले, आणि त्या सावलीकडे बघत राहिले. हे कुणीतरी मुद्दाम केलंय, कुठूनतरी दिवा धरून, वाफ सोडून, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. जुन्या काळ्या-पांढऱ्या सिनेमांचं मला जे वेड लागलं ते तिथून. आजही सुटलेलं नाही.

येताना दुकानातून खडीसाखर घेतली, देवीचा प्रसाद म्हणून.

"दिला का कौल देवीने?" मास्तरांनी विचारलं.

"दिला," मी म्हटलं. "उजवा."

त्यानंतर तोंड शिवलं. मास्तर निवृत्त झाले, आम्ही मुलाकडे जळगावला राहायला आलो, तरी दर लग्नात, दर बारशाला ते फौजीची गोष्ट सांगायचे आणि मी मान डोलवायचे. सिनेमा कुठे पुन्हा लागला नाही, टीव्हीवरही आला नाही. मी मनात म्हणायचे, रिळं सडली असतील, बरं झालं. ज्या सिनेमाने मला वेड लावलं त्याच्या मरणाची वाट पाहणारी बाई मीच.

आणि या दिवाळीत नात पुण्याहून आली ती नाचतच. "आजी, सापडला! तुमचा फौजी सापडला! कुणीतरी अख्खा सिनेमा नेटवर टाकलाय. आज दुपारी टीव्हीवर लावते, आबांना सोबत बसवू."

मी म्हटलं, लाईट जाणार आहे. गेली नाही. म्हटलं, टीव्हीचा आवाज मला सोसत नाही. नात म्हणाली, "रोज तर भांडून मोठा करतेस." रिमोट पिठाच्या डब्यात टाकला, तर पोरीने फोनवरूनच टीव्ही चालू केला. या पिढीला काही लपवताच येत नाही.

मास्तर कोपऱ्यातल्या खुर्चीत येऊन बसले. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, काळा चष्मा लावलेला. तो चष्मा पाहून मला एकदम सुचलं. डोळ्यांत औषध घातलं की डॉक्टरांनी थोडा वेळ डोळे मिटून बसायला सांगितलं होतं. पत्र लिहायचा प्रसंग मी त्यांच्यापुढे फराळाचं ताट धरून निभावला. चहाच्या प्रसंगी पदर झटकत उभी राहिले. "आजी, बस ना खाली!" नात ओरडली. आगगाडीची शिट्टी झाली तशी मी बाटली घेऊन पुढे झाले.

"डोळे वर करा."

"अगं, आत्ताच घातलंस ना?"

"ते सकाळचं. करा वर."

त्यांनी चष्मा काढला, मान मागे टाकली. मी थेंब घातले. त्यांनी शहाण्या पोरासारखे डोळे मिटून घेतले. पडद्यावर गाडी हलली, फौजीने हात उचलला. हात खाली आला. सुटले एकदाची, असं म्हणून मी श्वास सोडला.

मास्तर मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, "झाला का सलाम?"

"कुठला सलाम?"

"उजव्या हाताचा."

नातीने सिनेमा थांबवला. माझ्या हातातली बाटली तशीच.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? जळगावला शिकायला होतो तेव्हा दोनदा पाहिला होता. एकदा सिनेमासाठी, एकदा त्या नर्ससाठी." डोळे अजून मिटलेलेच. "तू बायांमध्ये बसून पाहिला म्हणालीस, तेव्हाच कळलं. चित्रकलेचा मास्तर मी, पडद्यामागून काय दिसतं हे मला कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? नवी नवरी म्हणतेय हा हात आवडला. तिला सांगू, बाई, तुझी चूक झाली, परत जा? पुढे तो सिनेमा धुळ्यात लागला तेव्हा जेवण जाईना मला. तू पाहिलास तर संपलंच. म्हणून तर ते ढेकूण..."

"एकही ढेकूण नव्हता त्या थेटरात!" मी फणकारले. "अख्खा सिनेमा बसून पाहिला मी, एक चावला नाही!"

हे बोलले आणि जीभ चावली.

मास्तरांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. औषध गालावर ओघळत होतं की आणखी काही, ते मी विचारलं नाही. मग ते जे हसायला लागले ते खोकला येईपर्यंत. मीही हसले, आणि हसता हसता खाली बसले. दिवाळीत अख्खं घर झाडून झाल्यावर पाठ टेकताना वाटतं, तसं हलकं वाटलं. नात आमच्याकडे आळीपाळीने बघत होती.

"म्हणजे तुम्ही दोघं इतकी वर्षं एकमेकांपासून हे लपवत होतात?"

"लपवत कसलं," मास्तर म्हणाले. "सांभाळत होतो."

"आजी, फोनवर चित्र उलटं करता येतं," नात म्हणाली. "तुझा फौजी डावरा करून देऊ?"

"नको," मी म्हटलं. "एक डावरा पुरे झाला. तू आपली थोडं मागे घे. यांनी सलाम पाहिला नाही, आणि त्या काचेवर काय लिहिलंय ते मला यांच्या शेजारी बसून वाचायचंय."

मास्तरांनी खुर्ची ओढून माझ्या बाजूला आणली आणि ताटातली चकली उचलली. कुठल्या हाताने, ते सांगायला नको.