उस्तादांची तालीम

माझी पत्नी कुस्ती खेळत नसे, हे मला एका आखाड्याच्या दारात उभे राहून सिद्ध करावे लागले, तेही तिच्या वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी.

शालिनी गात असे. मैफली वगैरे नाहीत. लग्नाआधी एका गुरूंकडे शिकली आणि नंतर चौतीस वर्षे घरातच गायली. तिचे गुरू ज्या उस्तादांच्या परंपरेतले, त्यांचा पुतळा कोल्हापुरातच आहे, आमच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर. त्या उस्तादांनी बांधलेली एक बंदिश तिला फार प्रिय होती. "एकदा त्यांच्यासमोर उभं राहून म्हणायची आहे. तुम्ही सोबत चला," एवढेच ती मागे. मी म्हणे, "जाऊ की." (मी ग्रंथपाल होतो. हातातले पुस्तक संपले की जायचे, असे माझे ठरलेले असे. ग्रंथपालाच्या हातातले पुस्तक संपत नाही, हे तिला माझ्याआधी कळले असावे.)

मग ती गेली. मुलीने कधीतरी टिपून ठेवलेली ती बंदिश तेवढी माझ्या फोनमध्ये राहिली. वर्षभर मला ती लावायचा धीर झाला नाही. शेवटी ठरवले, लावायची ती उस्तादांसमोरच. तिला नाही, निदान तिच्या आवाजाला तरी तिथे न्यायचे.

वर्षश्राद्धाला कुरुंदवाडहून आलेल्या आक्का, म्हणजे शालिनीची थोरली बहीण, हार आणि नारळ घेऊन माझ्याबरोबर निघाल्या. मला एकट्याला सोडले तर वाटेत पुस्तकाचे दुकान लागेल, अशी त्यांना खात्री होती.

रिक्षावाल्याला मी सांगितले, "उस्तादांचा पुतळा."

"वस्तादांचा व्हय? बसा की."

त्याचा उच्चार मी मनातल्या मनात शुद्ध करून घेतला आणि निश्चिंत बसलो. विद्वत्तेचे हे असे असते.

एका जुन्या दगडी इमारतीच्या अंगणात त्याने आम्हाला उतरवले. समोर अर्धपुतळा होता: फेटा, झुबकेदार मिश्या, आणि गळ्यात इतके हार की खालची पाटीही झाकलेली. छाती मला जरा जास्तच रुंद वाटली. पण इतका दमसास कमवायचा तर तेवढी लागणारच, असा खुलासा मी स्वतःलाच करून दिला. आतून हुं-हुं असे जड आवाज येत होते. खर्जाचा रियाज चालू असल्याचे मी आक्कांना समजावून सांगितले. त्यांनी भक्तिभावाने नारळ फोडला.

त्या आवाजाने आतून एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले. मोडलेले कान, आडवा बांधा. त्यांच्यामागे तांबड्या मातीने माखलेले पाच-सहा जण. (इथे तरी मला शंका यायला हवी होती.)

"पावणं, कुठनं आलासा?"

मी म्हणालो, "माझी पत्नी यांच्याच तालमीतली."

आता गाण्यात तालीम म्हणजे गुरूकडून मिळालेले शिक्षण. आणि कोल्हापुरात तालीम म्हणजे आखाडा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. ते तिथे फक्त मला आठवले नाही.

म्हाताऱ्यांनी एकदा मागे वळून पाहिले. "बाईमाणूस? आमच्या तालमीत?"

मी अभिमानाने सांगत सुटलो. रोज पहाटे दोन तासांची बैठक, कधी मोडली नाही. दम असा, की ऐकणाऱ्याचा श्वास कोंडावा. आणि पकड तर विचारूच नका! (पकड म्हणजे रागाची ओळख पटवणारे चार सूर. त्यांना अर्थातच दुसरे काहीतरी दिसत होते.) म्हाताऱ्यांची नजर आक्कांच्या धिप्पाड देहावर गेली आणि घराण्यातच असेल, असे त्यांना वाटले असावे. मग माझ्या मनगटांकडे पाहून त्यांनी अतिशय सहानुभूतीने विचारले, "आनि घरात तुमी दोघंच ऱ्हायचा?"

उत्तर म्हणून मी फोन काढला आणि ती बंदिश लावली.

"घडी भर बैठो मोरे पास..."

वर्षभरानंतर तो आवाज. अंगणातली हालचाल थांबली. ते मातीने माखलेले पैलवान हात बांधून उभे राहिले. म्हाताऱ्यांनी आमच्या हाराला जागा व्हावी म्हणून पुतळ्याचे जुने हार हलकेच बाजूला केले आणि खालची पाटी उघडी पडली. पाटी दिसली की मी वाचतो. तिच्यावर भलतेच नाव होते आणि त्याखाली मल्लविद्येची थोरवी. मी ती एकदा वाचली, दोनदा वाचली. कुठेतरी गाण्याचा उल्लेख सापडेल या आशेने तिसऱ्यांदा वाचली. माझे वाचून होईपर्यंत शालिनीचे गाणे संपले होते.

खुलासा झाल्यावर सगळे हसले. आक्का सर्वांत मोठ्याने. म्हातारे तेवढे हसले नाहीत. "उस्ताद म्हंजे गानारं व्हय! चला, मी दावतो," म्हणत ते दारात थांबलेल्या रिक्षावाल्याशेजारी जाऊन बसले.

खरा पुतळा एका चौकात, लोखंडी कठड्याच्या आत होता. शांत चेहरा, अरुंद खांदे. मी पुढे झालो, फोन काढला. फोनने मान टाकली होती. सकाळपासून आक्का त्याच्यावरून कुरुंदवाडच्या सुनांना स्वयंपाक सांगत होत्या.

मग आक्काच हळू आवाजात म्हणाल्या, "दाजी, तुमीच म्हना की. चौतीस वर्सं ऐकलंयसा न्हवं."

भर चौकात मी गायलो. जन्मात पहिल्यांदा. पहिली ओळ आली. ती पुन्हा म्हटली. मग तिसऱ्यांदा.

"फुडं?" आक्का म्हणाल्या.

पुढचे मला येत नव्हते. दर वेळी ती अंतऱ्यावर पोहोचेपर्यंत मी माझ्या पानात बुडालेला असे. उस्ताद समोर होते, तिची बहीण शेजारी होती, आणि चौतीस वर्षांच्या संसारातून मी एक ओळ घेऊन आलो होतो.

मागून म्हाताऱ्यांनी घसा खाकरला. "फुडं असं हाय बगा," ते म्हणाले आणि सुराच्या वाटेला न जाता, निरोप सांगावा तसे सांगितले, "जाऊँ तो ढूँढत फिरोगे."

मी मागे वळलो.

"एकदाच ऐकलं," ते जरा ओशाळून म्हणाले, "पर ध्यान दिऊन ऐकलं."

ढूँढत फिरोगे! सकाळपासून मी नेमके तेच तर करत होतो. तेही रिक्षा करून, आणि आधी चुकीच्या पत्त्यावर.